पद्मिनी चालली रिद्धपूरला

जुन्या गाड्या बघायला व्हिंटेज रॅलीचा पासच हवा असं कुणी सांगितलं? वऱ्हाडातला एखादा आतला रस्ता पकडा, खिडकीची काच खाली करा आणि मार्क मोजायला लागा!

काही लोकांना पक्षी दिसतात. मला गाड्या दिसतात. म्हणजे हिंजवडीच्या जॅममध्ये आजूबाजूला पन्नास सारख्याच पांढऱ्या एसयूव्ही उभ्या असल्या, तरी पलीकडच्या सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी गोलमटोल झोपलंय हे मला बरोब्बर कळतं. ताडपत्रीतून दिसणाऱ्या तेवढ्याशा दिव्यावरून मी ‘स्टँडर्ड हेराल्ड!’ म्हणून किंचाळते. कॅबमधले बाकीचे दचकतात, ‘हो का?’ म्हणतात आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतात. ऑफिसात माझं नाव ‘भंगारवाली’ पडलंय. प्रेमानं पडलंय, असं मी धरून चालते.

ही सवय लावली अमरावतीच्या मामांनी. मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळी ते आम्हा भावंडांना राजकमल चौकाकडे न्यायचे. हातात गिला वडा आणि खेळ एकच, गाडी ओळखा! मारुतीला शून्य मार्क. अँबेसिडरला एक. कॉन्टेसाला तीन. आणि ‘डुक्कर फियाट’ दिसली तर थेट दहा. डुक्कर फियाट म्हणजे पन्नासच्या दशकातली फियाट अकराशे. पुढून खरंच तशी दिसते, आणि तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला! ती आम्हाला एकदाच दिसली. त्या दिवशी मामांनी सगळ्यांना दुसरी प्लेट दिली होती.

पद्मिनीलाही एक मार्क होता, पण घरची धरायची नाही असा नियम होता. कारण मामांकडे स्वतःचीच होती. आहे. १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी. फिकट निळी, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, खिडकीला ती तिकोनी काच, आणि उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास.

गेल्या डिसेंबरात मामांचा फोन आला. ‘बाई, गाडीचं पासिंग संपून राह्यलं. पन्नास वर्सं झाली तिले. तुमच्या पुन्याचीच एक पार्टी मांगून राह्यली. पैसे बी चांगले देतो म्हणते. तू येऊन जाय, तुले समजते यातलं.’

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं मत मागितलं होतं. मी त्या रात्रीची ट्रेन पकडली.

तीन वाटा, एक गाडी

ट्रेनमध्ये बसून मी चक्क एक्सेल शीट केली. जुन्या गाडीपुढे आज तीन वाटा आहेत.

पहिली, भंगार. केंद्राचं स्क्रॅपिंग धोरण २०२१ मध्ये आलं. गाडी रीतसर मोडीत काढा, सर्टिफिकेट घ्या, नव्या गाडीवर सवलत मिळवा. व्यवहारी वाट. मी तो कॉलम लाल केला आणि पुढे गेले.

दुसरी, पुन्हा नोंदणी. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. मोटारीसाठी याची फी एके काळी सहाशे रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. शिवाय पर्यावरण कर, विमा आणि मिस्त्रीचा खर्च.

तिसरी वाट सगळ्यात ग्लॅमरस. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण एक अट आहे. ही गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

म्हणजे बघा हं, मान मिळाला की भाजी आणायला जाणं बंद!

पुण्याच्या पार्टीला पद्मिनी याच वाटेसाठी हवी होती. फोनवर फार छान बोलले ते. नवा रंग, मूळ पद्धतीचं रेक्झिन, क्रोमचं पॉलिश, बंद गॅरेज, वर्षातून दोन रॅली. मला मनापासून पटलं होतं. मामांचं वय पंचाहत्तर, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, मामेभाऊ बंगळुरूला. गाडी अंगणात उभी राहून सडण्यापेक्षा हे बरं नाही का? अमरावतीला उतरले तेव्हा माझं प्रेझेंटेशन तयार होतं.

मामांनी ते ऐकलंच नाही. म्हणाले, ‘पहिले रिद्धपूरले जाऊन येऊ. इकाची असन तर मंग शेवटची चक्कर होऊन जाईन.’

चोक ओढा, देवाचं नाव घ्या

मामींचं माहेर महानुभाव पंथातलं. वर्षातून एकदा रिद्धपूरला जायचं आणि याच गाडीनं जायचं, हा त्यांच्या घरचा शिरस्ता. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यात. साध्या गाडीला तासाभराचा रस्ता. पद्मिनीला किती, ते विचारायचं नसतं.

डिसेंबरची सकाळ, म्हणून मामांनी आधी चोक ओढला. (ज्यांनी फक्त बटण दाबून गाडी सुरू केली आहे त्यांच्यासाठी: थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यायला डॅशबोर्डवर एक खुंटी असते, ती ओढायची.) इंजिन दोनदा खोकलं आणि मग १०८९ सीसीचा तो शिलाई मशीनसारखा आवाज सुरू झाला. मागच्या सीटवर मामी, मांडीवर डबा. पुढे मी, वही-पेन घेऊन. होय, मार्क लिहायला!

‘क्लच पुरा दाबा,’ मामी मागून म्हणाल्या.

‘दाबून राह्यलो,’ मामा म्हणाले.

पंचवटी चौक मागे पडला, मोर्शीचा रस्ता लागला आणि मामांनी पद्मिनीची गोष्ट सुरू केली. ती मला पाठ आहे, तरी दर वेळी ऐकते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना. फियाटच्या मॉडेलवरून गाड्या बनायच्या. १९६४ पासूनची ती ‘डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’, आणि १९७४ मध्ये चित्तोडच्या राणीचं नाव मिळून ‘पद्मिनी’. तेव्हा गाडी घेणं म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर येईपर्यंत आपल्या देशात निवड काय होती? अँबेसिडर, फियाट, जमलंच तर स्टँडर्ड. एवढी वाट बघून मिळालेली वस्तू कोण टाकणार? जुन्या गाड्या टिकल्या त्या काही सगळ्याच हौसेपोटी नाही. पुन्हा मिळणार नाही या धाकानंही टिकल्या.

मुंबईत पद्मिनीची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली. त्या दिवशी माझ्या इन्स्टावर दर तिसरी पोस्ट काळ्या-पिवळ्या टॅक्सीची होती. आयुष्यभर मीटर आणि सुट्टे पैसे यांवरून भांडलेले लोक हळवे झाले होते.

मार्क मोजा!

माहुली जहागीर ओलांडेपर्यंत वहीत सहा मार्क झाले होते.

पहिला दुधाच्या कॅन लावलेल्या राजदूतचा. ही मोटरसायकल मूळची पोलंडची. तिकडच्या एसएचएल नावाच्या गाडीवरून एस्कॉर्ट्सनं साठच्या दशकात ती इथं आणली. पोलंडमध्ये ती आता संग्रहालयात असेल. इथं ती सकाळी पाचला दूध काढते, असं वाटावं इतकी त्या धंद्यात मुरली आहे.

मग एक एचएमटी झेटर ट्रॅक्टर. एचएमटीनं १९७१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरशी हात मिळवून हे ट्रॅक्टर सुरू केले. देश फुटला, कारखाना बंद झाला, ट्रॅक्टर कापसाची ट्रॉली ओढतोय.

मग महिंद्रा कमांडर, काळीपिवळी. आत किती माणसं होती ते मोजता आलं नाही, टपावरची तीन मात्र दिसली.

आणि मग माझा आवडता क्षण. समोरून आली एक बिछायत केंद्राची गाडी. गाद्या, खुर्च्या, मंडपाचे बांबू, आणि या सगळ्याच्या खाली बिचारी एक अस्सल बजाज टेम्पो मॅटाडोर! १९६९ ते २००० या काळात बनलेली. मी ओरडले, ‘मॅटाडोर!’

मामींनी मागून पाहिलं. ‘हाव, मेटाडोरच आहे. त्यात काय?’

त्यात काय! पण त्यांचंही बरोबर. इकडे कुठल्याही छोट्या मालवाहू ट्रकला मेटाडोरच म्हणतात, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. तेच ‘टेम्पो’चं. जर्मनीत हॅम्बुर्गची विडाल अँड झोन ही कंपनी ‘टेम्पो’ नावाच्या तीनचाकी बनवायची. १९५८ मध्ये फिरोदियांनी तिच्याशी करार करून बजाज टेम्पो काढली. पुढे २००५ मध्ये कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं आणि ‘टेम्पो’ सोडून दिला. मराठीनं नाही सोडला. आज गल्लीत ‘टेम्पो आला का?’ म्हणून विचारणाऱ्या कुणालाही हॅम्बुर्ग माहीत नसतं. गाडी गेली, कंपनी गेली, शब्द रोज कामावर येतोय.

जुनी गाडी ओळखायची सगळ्यात सोपी खूण मात्र नंबरप्लेट. एमएच २७ म्हणजे अमरावती, एमएच ३० म्हणजे अकोला, हे आपल्याला पाठ असतं. पण ही जिल्ह्याच्या आकड्याची पद्धत १९८९ च्या मोटार वाहन नियमांच्या आसपासची. त्याआधीच्या पाटीवर तीन अक्षरं आणि चारपर्यंत आकडे, बस्स. तशी पाटी चालत्या गाडीवर दिसली, की समजायचं, हिनं तीन-चार पिढ्यांची लग्नं पाहिली आहेत.

वऱ्हाडाला तसंही यंत्र लवकर टाकून द्यायची सवय नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या आपल्या शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. ते १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. हॅवानातल्या रस्त्यांवरच्या पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांचे फोटो आपण बघतो ना? तिथं अमेरिकेनं व्यापार बंद केल्यामुळे लोकांनी आहे त्या गाड्या चालत्या ठेवल्या. इथं कुणी बंदी घातली नव्हती. इथं मिस्त्री चांगले होते.

जिथं बसले, जिथं जेवले

मोठा रस्ता सोडून आत वळलो, की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. आणि मग रिद्धपूर.

खरं सांगू? पहिल्या नजरेत तुम्हाला काहीच ‘वॉव’ वाटणार नाही. गल्ल्या, घरं, देवळं, काळी वस्त्रं घातलेले महानुभाव साधू-साध्वी. सेल्फी पॉइंट नाही. पण आठशे वर्षांपूर्वी इथं श्रीगोविंदप्रभू राहत होते. गुंडम राऊळ म्हणून गाव त्यांना ओळखायचं. वेड्यासारखे गावभर फिरायचे, कुणाच्याही घरात शिरायचे, लहान मुलांसारखे हट्ट करायचे, आणि कोण कुठल्या जातीचं हे बघायचे नाहीत. श्रीचक्रधरस्वामी याच गावात त्यांना भेटले आणि त्यांना गुरू मानलं. चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांचे अनुयायी इथंच येऊन राहिले. मराठीतली आद्य कवयित्री महदंबा हिनं आपले धवळे गायले ते याच गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या हौसेपायी.

आणि म्हाइंभट. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात या माणसानं काय केलं? चक्रधरस्वामींना ज्यांनी ज्यांनी पाहिलं होतं त्यांच्याकडे तो गेला. काय पाहिलं, काय ऐकलं, विचारलं. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर कुणाचं म्हणणं काय तेही टिपून ठेवलं. त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं, मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. त्यात युद्धं नाहीत, राजे जवळपास नाहीत. कोण कुठं बसलं, काय जेवलं, कुणाची कशी फजिती झाली, असं सगळं रोजचं. आणि रोजच्याच भाषेत. ग्रंथ संस्कृतात लिहिण्याचा तो काळ. पण संस्कृत केलं तर साध्या बायामाणसांना कळणार नाही, म्हणून मराठीतच लिहायचं, असं नागदेवाचार्यांनी ठामपणे सांगितलं होतं.

मामी प्रत्येक स्थानाला डोकं टेकवत होत्या. महानुभावांमध्ये देवळापेक्षा ‘स्थान’ मोठं. स्वामी इथं बसले, इथं निजले, इथं जेवले, अशी एकेक जागा. त्यांची नोंद ठेवणारी ‘स्थानपोथी’ नावाची पोथीच आहे. मी राजमठाच्या ओट्यावर बसून वहीत राजदूत आणि मॅटाडोरच्या नोंदी बघत होते, आणि उगाचच जरा ओळख लागल्यासारखं वाटलं.

मामा शेजारी येऊन बसले. ‘ते अभिजात का काय झालं ना वं आता मराठीचं?’

झालं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच्या आदल्या वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ करायची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये पहिले कुलगुरूही आले. मराठीचं पहिलं विद्यापीठ मुंबईत नाही, पुण्यात नाही, या गावात! मला भारी वाटलं.

‘अभिजात म्हणजे क्लासिकच ना? गाडीले म्हणतात तेच?’

‘तेच, मामा.’

‘मंग आता मराठी बी रोज बोलाची नाई का? फक्त प्रदर्शनातच?’

मी हसले. ते नाही हसले. आणि मला पुढची गोष्ट आठवली, ती त्यांनीच मला शाळेत असताना सांगितलेली. पुढच्या काळात महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिले. सकळ लिपी, सुंदरी लिपी. पोथ्या शाबूत राहिल्या हे खरं. पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला शेकडो वर्षं त्या वाचताच आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीची किल्ली शोधली, तेव्हा कुठं कळलं की आपल्याकडे एवढा खजिना आहे. ज्या माणसांना कळावं म्हणून मराठीत लिहिलं, त्यांनाच तो इतकी वर्षं बंद.

बंद गॅरेज, वर्षातून दोन रॅली. माझ्या प्रेझेंटेशनमधली ती स्लाइड मला आवडेनाशी झाली.

बागेतली जीप

परत निघालो तर गावाबाहेर एका बागेच्या कडेला मला दहा मार्क उभे दिसले. उंच बॉनेटची जुनी महिंद्रा जीप, सीजे थ्री बी. विलिस या अमेरिकन कंपनीच्या मॉडेलवरून महिंद्रानं बनवलेली. हुड नाही, पुढची काच अर्धी. मागे आंबिया बहाराच्या संत्र्यांचे कॅरेट आणि फवारणीचा पंप. मी ‘थांबवा!’ म्हणून ओरडले आणि धावत जाऊन फोटो काढायला लागले.

बागेतून मालक आले. ‘काहून जी? फोटो कायले काढून राह्यल्या?’

मी म्हटलं, ‘दादा, गाडी फार मस्त आहे. ओरिजिनल आहे का?’

ते मनापासून हसले. ‘बॉडी आमच्या बुढ्याच्या वक्ताची. इंजिन बदललं, आता डिझेल हाय. शिटा अमरावतीच्या. गिअरबॉक्स दोनदा उतरवला. आता तुमीच सांगा, ओरिजिनल हाय का नाई?’

मला उत्तर सुचलं नाही. लीळाचरित्राची मूळ प्रतही परचक्राच्या धामधुमीत हरवली, असं महानुभाव परंपरा सांगते. मग आठवणीतून पुन्हा लिहिली गेली. एकाची नाही, अनेकांची. म्हणून तिचे वेगवेगळे पाठ आहेत. मूळ कागद गेला, ग्रंथ राहिला. तो लीळाचरित्र नाही असं कोण म्हणेल?

‘विकायची आहे का?’ मी विचारलं. सवयीनं. लगेच जीभ चावली.

‘इकली तर उद्या माल कायच्यात नेऊ?’ ते म्हणाले आणि चार संत्री माझ्या ओढणीत टाकली.

मले कोनी इचारलं?

सूर्य मावळतीला चालला होता. गाडीत बसल्यावर मी आणि मामा पुन्हा त्याच विषयावर आलो. मी म्हटलं, मामा, द्यायची नसेल तर नका देऊ, पण मग चालवणार कोण? तुमचा डोळा असा. भाऊ तिकडे. मी पुण्याला. महिनाभर उभी राहिली तर बॅटरी जाते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, जुने रबरी पाइप त्यानं फुगतात, तेही बदलायला हवेत. मामा म्हणाले, खरं हाय. मी म्हटलं, मग पार्टीला फोन लावू का? मामा म्हणाले, लाव.

मागच्या सीटवर संत्रं सोलायचा आवाज थांबला.

‘गाडी इकाची का ठेवाची, हे तुमी दोघंच ठरवता,’ मामी म्हणाल्या. ‘मले कोनी इचारलं?’

आम्ही दोघंही मागे वळलो.

‘लायसन हाय माह्याकडे. अठ्ठ्याऐंशी सालापासून. रिन्यू करतो मी दर वेळी. तुमाले काय वाटलं, कायले करतो?’

मला आठवलं. अगदी लहानपणी, मामा दवाखान्यात होते तेव्हा, रोज डबा घेऊन जाणारी गाडी. शेजारच्या सीटवर मी होते. पण चालवत कोण होतं, हे माझ्या आठवणीतच नव्हतं! रस्त्यावरची प्रत्येक गाडी ओळखणारी मी. घरातली ड्रायव्हर मला कधी दिसलीच नाही.

‘मंग आतापर्यंत बोलली काहून नाई?’ मामांनी विचारलं.

‘तुमी चाबी सोडली काय कधी?’

मामा थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग दार उघडून उतरले, आणि गाडीला वळसा घालून मागे जाऊन बसले. मामींनी पदर खोचला, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. पहिला गिअर टाकताना खर्रर्र झालं.

‘क्लच पुरा दाब,’ मागून मामा म्हणाले.

‘दाबून राह्यलो,’ मामी म्हणाल्या. आणि पद्मिनी निघाली.

अमरावतीला पोचायला अंधार पडला. मामींनी गाडी ताशी चाळीसच्या वर नेली नाही, आणि एकदाही बंद पाडली नाही. पंचवटी चौकात सिग्नलला शेजारच्या बाइकवरच्या पोरानं मोबाइल काढून आमचा फोटो घेतला. त्याच्या वहीत किती मार्क पडले असतील कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याच्या पार्टीला फोन केला. ते खरंच सज्जन गृहस्थ. म्हणाले, ‘चालती ठेवताय? मग माझ्यापेक्षा बरं करताय.’ कागदपत्रांचं काम सुरू झालं. दहा हजारांपैकी अर्धे मी भरले, अर्धे बंगळुरूवाल्यानं. मिस्त्रीनं पाइप बदलले. तपासणी झाली, पुढची पाच वर्षं मिळाली. नंबर तोच, तीन अक्षरांचा. ‘व्हीए’ नाही.

परवा मामींचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. भाजीबाजारासमोर पद्मिनी, डिकीत मेथीच्या जुड्या. खाली लिहिलं होतं, ‘आज रिव्हर्स जमला.’

मी तिला मार्क दिला. नियम बदललाय, आता घरचीही धरायची.

जायचं असेल तर...

*कसं जाल:* अमरावती आणि बडनेरा ही सोयीची स्टेशनं. अमरावतीहून रस्त्यानं साधारण तासभर.

*केव्हा जाल:* नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा छान, बागांमध्ये संत्री. मे महिन्यात गेलात आणि जुन्या गाडीनं गेलात, तर पेट्रोल पंपावर टाकायला ओलं फडकं जवळ ठेवा. म्हणजे इंजिनाच्या शेजारचा पंप, रस्त्यावरचा नव्हे! तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी रुसते.

*काय बघाल:* राजमठ आणि गोविंदप्रभूंची स्थानं. ही श्रद्धेची ठिकाणं आहेत, तिथले नियम विचारून घ्या.

*गाडी दिसली तर:* आधी मालकाशी बोला, मग फोटो. ‘विकता का?’ हा प्रश्न अगदी शेवटी. शक्यतो नाहीच. आणि हो, गाडी कोण चालवतं तेही विचारा.